चाळीस फॉर्म आणि तीन पेनं

"हिला कुणी पाठवलं स्टेजवर? हिचा आवाज हिच्या घरच्यांनी तरी ऐकलाय का?"

दुसऱ्या रांगेतून हे वाक्य आलं तेव्हा मी माइकसमोर उभी होते. बोलणारी माझ्याच वर्गातली. तिने ते शेजारणीच्या कानात सांगितलं होतं, पण आमच्या कॉलेजचा हॉल असा बांधलाय की स्टेजवरचं बोलणं मागे पोचत नाही आणि मागची कुजबूज स्टेजवर स्वच्छ ऐकू येते. मला राग आला नाही. माहिती बरोबर होती. एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत मी वर्गात जे काही बोलले होते ते सगळं मिळून एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि त्यातलं बरंचसं 'येस मॅडम' होतं.

माझ्या डोक्यावर बॅनर होता: राष्ट्रीय परिसंवाद. राष्ट्र म्हणजे आमचं कॉलेज, कल्याणचं एक कॉलेज आणि सुरतहून आलेले एक वयस्कर प्राध्यापक. त्या प्राध्यापकांमुळे 'राष्ट्रीय' हा शब्द नियमात बसला होता, म्हणून सकाळपासून त्यांना कुणी एकटं सोडलं नव्हतं. ते उठून बाहेर गेले तरी परिसंवाद तालुका पातळीवर घसरेल, अशी भीती होती.

पडद्यावर माझ्या पेपरचं नाव झळकत होतं. 'भिवंडी तालुक्यातील गोदामांमध्ये काम करणाऱ्या महिलांचे कामाविषयीचे समाधान : एक अभ्यास.' खाली सरांचं नाव ठळक, त्याखाली माझं, जरा बारीक. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. हा पेपर मी लिहिला असं म्हणणं धाडसाचं होतं. सरांनी लिहिला असं म्हणणं त्याहून धाडसाचं. पण मुखपृष्ठावर दोघांनीही धाडस केलं होतं.

आणि समोर, सोफ्यावर, प्रमुख पाहुणे बसले होते. अंजूरच्या बाजूला त्यांची गोडाऊनं आहेत. माझा 'अभ्यास' त्यांच्याच गोडाऊनमध्ये झाला होता, दुपारचं जेवणही त्यांच्याच तर्फे होतं, आणि ते माझ्याकडे कौतुकाने बघत होते. त्यांना माझ्या पेपरमधून काय हवंय हे मला माहीत होतं. पेपरमध्ये काय आहे हेही मला माहीत होतं. ती दोन्ही अगदी जुळत होती. अडचण एवढीच होती की ते खरं नव्हतं, आणि हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

सगळं सुरू झालं एका अर्जामुळे. त्या गोडाऊनमधल्या बायकांनी मालकांना एक अर्ज दिला होता. मागण्या दोनच. बायकांसाठी वेगळा संडास हवा, आणि संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर भिवंडी नाक्यापर्यंत एखादी गाडी हवी. अर्जाखाली सह्या होत्या, काही अंगठे होते. मालक आमच्या कॉलेजच्या एका विश्वस्तांचे स्नेही. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की तुमच्या विद्यार्थ्यांकडून जरा शास्त्रशुद्ध सर्व्हे करून घ्या, खरंच गरज आहे का ते बघू, गरज असेल तर करू. हातात कागद असला की बरं पडतं.

हे सर मला स्टाफरूममध्ये सांगत होते, एका हाताने वडापाव खात.

"पण सर, मीच का?" मी विचारलं. माझ्या मानाने हे भाषणच झालं.

"तू शांत आहेस ना, म्हणून. तिथे जाऊन कुणाला उचकवायचं नाहीये आपल्याला. गपचूप फॉर्म भरून आणायचे."

आयुष्यात पहिल्यांदा माझा लाजरेपणा पात्रता म्हणून धरला गेला. शाळेत प्रत्येक प्रगतिपुस्तकात 'शुड पार्टिसिपेट मोअर' असा शेरा असायचा. एम.कॉम.ला येऊन मला असे सर भेटले ज्यांना मी पार्टिसिपेट न केलेलंच हवं होतं.

संशोधनाची पद्धत सरांनी समजावली. आधीच्या अभ्यासांचा आढावा नव्याने लिहायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने पॉवरलूमवर पेपर केला होता, त्यातलं 'पॉवरलूम' काढून सगळीकडे 'गोडाऊन' टाकायचं. कॉम्प्युटर ते एका बटणात करतो. मी ते केलं. त्यामुळे माझ्या पेपरच्या पहिल्या आठ पानांत गोडाऊनमधल्या बायका कांड्या भरतात, तुटलेला धागा जोडतात, आणि दिवसभर गोडाऊनच्या खडखडाटाने त्यांच्या कानांवर परिणाम होतो. भिवंडीत जन्मलेल्या माणसाने हे वाचलं असतं तर हसून लोळला असता. पण ती आठ पानं आजवर कुणीच वाचलेली नाहीत, त्यामुळे माझी अब्रू शाबूत आहे.

प्रश्नावली सरांनी दिली. ती इंग्रजीत होती. बायकांना मराठीत आणि हिंदीत तोंडी विचारून आपण टिक करायची, चाळीस जणींची. मी इंग्रजी माध्यमातली. घरी मराठी बोलते, पण घरचं मराठी म्हणजे 'जेवलीस का' आणि 'पंखा बंद कर'. 'आर यू सॅटिस्फाइड विथ द सॅनिटरी फॅसिलिटीज अ‍ॅट युवर वर्कप्लेस' हे घरात कुणी कुणाला विचारत नाही. मी शब्दकोश उघडून आदल्या दिवशी भाषांतर केलं, वहीत लिहिलं आणि आरशासमोर दोनदा म्हटलं. छान वाटलं. दूरदर्शनच्या बातम्यांसारखं.

शेअर रिक्षाने अंजूरच्या रस्त्याला उतरले. एका बाजूला भातशेती होती, ती पत्र्याच्या भिंतीला जाऊन धडकत होती. भिंतीच्या आत गोडाऊन. लोकांनी मोबाइलवर मागवलेल्या वस्तू तिथे येतात, खोक्यांत भरल्या जातात, टेप लागते, लेबल लागतं आणि ट्रक जातात. टेप आणि लेबल हे बायकांचं काम. दिवसभर उभं राहून.

सुपरवायझरने घड्याळ बघून सांगितलं, "लंचचा अर्धा तास आहे. त्यातच उरका. नंतर लाइन चालू होते."

अर्ध्या तासात चाळीस बायका, प्रत्येकीला बावीस प्रश्न. मी कॉमर्सची, पण हा हिशोब कॉमर्सने सुटणारा नव्हता.

बायका खोक्यांचे पुठ्ठे अंथरून गोल बसल्या होत्या, मध्ये डबे. बऱ्याच जणी भिवंडी शहरातून येणाऱ्या, त्यातल्या कितीतरी उत्तरेकडच्या, घरी नवरे लूमवर. काही आसपासच्या गावांतल्या. वयाने सगळ्यांत मोठ्या एक काकी होत्या, अंजूरच्याच. हिरव्या बांगड्या, नऊवारी, वरून कंपनीचं निळं जॅकेट. सगळ्या त्यांना काकी म्हणत होत्या, हिंदी बोलणाऱ्यासुद्धा. मोठ्या म्हणून मी सुरुवात त्यांच्यापासून केली. संशोधनाच्या पुस्तकात नमुना निवडण्याच्या ज्या पद्धती दिल्यात त्यांत ही नाही. पण जिथे मोठी बाई बसली आहे तिथे तिला सोडून धाकटीला आधी विचारणं हे माझ्या हातून झालं नसतं, आणि धाकटीनेही उत्तर दिलं नसतं.

मी वही उघडली. "कामाच्या ठिकाणी उपलब्ध असलेल्या स्वच्छताविषयक सुविधांबाबत आपण समाधानी आहात का?"

सगळ्यांचे घास थांबले. काकींनी माझ्याकडे नीट बघितलं. मग बाकीच्यांना म्हणाल्या, "संडासाचा इचारते गो ती. बरा हाय का म्हनून."

एकदम हशा पिकला. माझे कान तापले.

"हाय, बरा हाय," काकी मला म्हणाल्या. "लिव. माना कायच त्रास न्हाय."

मी टिक केलं. कामावर पोचायला किती वेळ लागतो? "पाच मिनिटा. चालत." वाहनाची सोय हवी असं वाटतं का? "कशाला? माजं पाय हायत ना." जेवणाची सोय? "गरम जेवतं." पाठदुखी? "शेतात व्हती तवा जास्ती दुखायची." बावीस प्रश्न काकींनी झटपट उडवले. बाई समाधानी होती. मी दुसरा फॉर्म काढला आणि शेजारच्या बाईकडे वळले.

तिने डब्यात बघत सांगितलं, "काकीने बोला ना. वही लिख दो."

तिसरी म्हणाली, "माझं पण सेम."

चौथीने नुसती मान काकींकडे केली. आणि काकींनी निकाल दिला, "सगल्यांचा सेमच लिव गो पोरी. किती इचारशील? जेवलीस का न्हाय तू? बस, भाकर घे."

इथे मी काय करायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. प्रत्येकीला बाजूला घेऊन, एकटीला विचारायला हवं होतं. 'काकी, तुमचं झालं, आता यांना बोलू द्या' असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "थँक यू, काकी." आणि भाकरी घेतली. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही, हायसं वाटलं. एकोणचाळीस अनोळखी बायकांशी बोलण्याचं संकट एका भाकरीवर टळलं होतं.

मग मला लागली.

सकाळी निघाल्यापासून गेले नव्हते. मी शेजारच्या बाईला, जिने 'वही लिख दो' सांगितलं होतं तिला, हळूच विचारलं. ती माझ्याच वयाची असेल. तिने हाताने कोपरा दाखवला. तिथे संडास होता. दारावर पाटी होती, 'स्टाफ ओन्ली', आणि पाटीखाली कुलूप.

"चाबी साहब के पास है," ती म्हणाली.

साहेब म्हणजे सुपरवायझर. तो दारात चार ड्रायव्हरांबरोबर उभा होता. तिथे जायचं, त्या पाच पुरुषांसमोर किल्ली मागायची, ती घेऊन अख्ख्या गोडाऊनमधून चालत कोपऱ्यात जायचं आणि मग ती परत नेऊन द्यायची. मी दोन पावलं गेले आणि परत आले.

ती हसली नाही. तिने फक्त सांगितलं, "पानी कम पिया करो, दीदी. हम लोग तो सुबह से नहीं पीते. घर जा के पीते हैं."

माझ्या मांडीवर चाळीस फॉर्म होते. अकराव्या प्रश्नापुढे सगळ्यांचं उत्तर 'समाधानी' असणार होतं.

शेवटी माझी चुळबुळ काकींनी ओळखली. "चल," म्हणाल्या, आणि मला मागच्या फाटकाने बाहेर घेऊन गेल्या. फाटकावरचा वॉचमन त्यांचा पुतण्या. फाटकाबाहेर बांध, बांधापलीकडे काकींचं घर. स्वच्छ फरशी, नळाला पाणी, दाराला आतून कडी. मी बाहेर आले तेव्हा काकी ओटीवर पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. समोर गोडाऊनची पत्र्याची पाठ दिसत होती.

"आमच्याच शेतान हाय ता," त्यांनी तांब्यानेच गोडाऊन दाखवलं. "आता तिथंच ड्युटी करतं."

आणि तिथे, तांब्या तोंडाला लावताना, माझ्या सगळ्या संशोधनाचा उलगडा झाला. काकी खोटं बोलल्या नव्हत्या. पाच मिनिटं चालत, खरं. गरम जेवण, खरं, डबा इथूनच येत होता. संडासाचा त्रास नाही, शंभर टक्के खरं. मी आत्ताच जाऊन आले होते. फक्त हे सगळं गोडाऊनचं वर्णन नव्हतं, काकींच्या घराचं होतं. माझे चाळीसच्या चाळीस उत्तरदाते त्या एका घरात राहत होते.

"बाकीच्या येतात का इथे?" मी विचारलं.

"कशा येतील? वॉचमन सोडील का? माना सोडतं, पुतण्या हाय म्हनून." मग माझ्या हातातून तांब्या परत घेत, "दोन-तीनदा आनल्या व्हत्या मी पोरी. सुपरवायझर बोंबलला. लाइन थांबते म्हनून."

परत आलो तेव्हा लाइन सुरू झाली होती. बायका उभ्या राहून टेप मारत होत्या. मी सुपरवायझरला 'थँक यू सर' म्हणून बाहेर पडले. 'थँक यू' हा शब्द मी त्या दिवशी फार चुकीच्या ठिकाणी वापरला.

संध्याकाळी घरी मी उरलेले एकोणचाळीस फॉर्म भरले. आई भाजी निवडत शेजारी बसली होती, तिने कौतुकाने विचारलं, "किती काम देतात गं तुम्हाला?" मी तीन वेगवेगळी पेनं घेतली होती, निळं, काळं आणि एक फिकट निळं. टिक कधी लांब शेपटीची काढली, कधी आखूड. वयं वेगवेगळी टाकली, शिक्षण वेगवेगळं टाकलं. उत्तरं मात्र काकींचीच ठेवली, कारण ती बदलणं म्हणजे खोटं लिहिणं झालं असतं. माझ्या प्रामाणिकपणाची हद्द त्या दिवशी नेमकी कुठे आहे ते मला कळलं. ती वयाच्या रकान्यानंतर सुरू होत होती.

आठवड्याने सरांना तक्ते दाखवले. पाय चार्टला फोडीच नव्हत्या. प्रत्येक प्रश्नाला एक पूर्ण गोल, एकाच रंगाचा. भाकरीच.

मला वाटलं, सर ओळखतील. बारा वर्षं शिकवणारा माणूस, चाळीस बायका बावीस प्रश्नांवर एकमत झाल्या हे बघून निदान भुवई तरी उचलेल. माझ्या माहितीत आमच्या बिल्डिंगमधल्या आठ बायकांचं पाण्याच्या वेळेवरही एकमत होत नाही. मी आतून वाट बघत होते की सर रागावतील, 'परत जा' म्हणतील, आणि माझी सुटका होईल.

सरांनी खुर्ची मागे ढकलली. "एक्सलंट! इतका स्पष्ट कल मी माझ्या पीएचडीत पाहिला नाही."

"सर, पण सगळ्यांचं सेम..."

"म्हणूनच तर! फाइंडिंग म्हणजे असं असावं. एकच कर, हे थ्री-डी कर."

"सर, तिथे संडासाला कुलूप होतं." हे मी म्हणाले. पण इतक्या खालच्या आवाजात की सरांना ते खोकल्यासारखं वाटलं असावं.

"काय?"

"काही नाही, सर."

मी भाकरी थ्री-डी केली. आता तिला जाडीही आली.

निष्कर्ष सरांनी स्वतः लिहिले. 'महिला कामगार विद्यमान सुविधांबाबत पूर्णतः समाधानी असून अतिरिक्त स्वच्छतागृह अथवा वाहतूक व्यवस्थेची तातडीची आवश्यकता आढळून येत नाही.' वाक्य इतकं घडीव होतं की त्यात एकही बाई दिसत नव्हती.

परिसंवादाच्या दिवशी कार्यक्रम दहाचा होता, म्हणजे साडेअकराचा. प्रमुख पाहुणे कशेळीला ट्रॅफिकमध्ये अडकले होते. आमच्याकडे सगळेच कशेळीला अडकतात, ज्यांचं घर उलट्या दिशेला आहे तेही. मुलींना साडी सक्तीची होती, मुलांना इस्त्रीचा शर्ट पुरत होता. मग दीपप्रज्वलन, समईची वात तीनदा विझली. मग स्वागतगीत. मग सत्कार: शाल, श्रीफळ, रोपटं. सुरतच्या प्राध्यापकांना दोन रोपटी मिळाली, ती ते सुरतेला कशी नेणार हा त्यांचा प्रश्न होता. विद्यार्थ्यांना पेपरसाठी आधी दहा मिनिटं होती. सत्कार संपेपर्यंत पाच झाली.

आणि प्रश्नोत्तरं असतात म्हणून सकाळीच चिठ्ठ्या वाटल्या गेल्या होत्या. प्रत्येक पेपरनंतर 'श्रोत्यांमधून' एक प्रश्न यावा लागतो, नाहीतर अहवालात 'चर्चा झाली' असं लिहिता येत नाही. माझ्या पेपरची चिठ्ठी माझ्या एकुलत्या एका मैत्रिणीकडे होती. तिने ती मला आधीच दाखवली. 'आपल्या अभ्यासाच्या मर्यादा कोणत्या?' उत्तर सरांनी पाठ करून घेतलं होतं, इंग्रजीत: वेळेच्या अभावी हा अभ्यास भिवंडी तालुक्यापुरता मर्यादित आहे. कुठल्याही पेपरला चालतं. फक्त तालुका बदलायचा.

तर मी माइकसमोर उभी होते, दुसऱ्या रांगेतलं ते वाक्य ऐकून झालं होतं, आणि मी पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं. पहिली स्लाइड बरी गेली. पाठ केलेल्या इंग्रजीचं एक बरं असतं, ते आपण बोलत नाही, ते आपल्यातून जातं. शाळेत दहा वर्षं माझ्यातून असंच बरंच काही गेलं होतं. दुसऱ्या स्लाइडला प्रमुख पाहुण्यांनी हात वर केला.

"बाळा, मराठीत सांग ना. आपलीच माणसं आहेत सगळी."

हॉलने टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, जरा उशिरा.

मराठीत माझं काहीच पाठ नव्हतं. मी पडद्याकडे वळले. तिथे ती मोठी, जाड, निळी भाकरी होती. मी म्हणाले, "हा... हा अकरावा प्रश्न आहे." थांबले. "संडासाचा."

कुणीतरी खिदळलं. मी 'स्वच्छताविषयक सुविधा' म्हणायला हवं होतं. ते शब्द मी शब्दकोशातून काढून आरशासमोर म्हटले होते, पण त्या क्षणी ते आलेच नाहीत, काकींचाच शब्द आला. पुढच्या स्लाइड मी नुसत्या दाखवल्या. निष्कर्ष सरांच्या भाषेत पडद्यावर होता, तो लोकांनी स्वतःच वाचला. माझं काम संपलं होतं. पाच मिनिटांत मी खोटं असं काहीच उच्चारलं नव्हतं, हे मी स्वतःला सांगत होते. मला ती सवय आहे. न बोललं की आपल्याला वाटतं, आपण स्वच्छ आहोत.

प्रमुख पाहुणे उठून माइकपाशी आले. मी बाजूला सरकले.

"मी शिकलेला माणूस नाही," ते म्हणाले, आणि हॉलने विनयाला दाद दिली. "पण ही मुलगी स्वतः आमच्या गोडाऊनला आली, उन्हातान्हात, प्रत्येक बाईला भेटली. आमच्याकडे एक अर्ज आला होता. मी म्हटलं, उगाच नाही म्हणायचं नाही, अभ्यास होऊ दे. आता कळलं, अर्ज कुणीतरी दोघी-तिघींनी बाकीच्यांना भरीला पाडून दिला होता. हा पेपर मी त्या अर्जाला जोडणार आणि फाइल बंद करणार. सोमवारीच." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, "अशा लेकी हव्यात."

ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मला आजही म्हणावं लागतं. त्यांनी विचारलं होतं, आणि त्यांना उत्तर मिळालं होतं. ते माझ्या टिकांवर विश्वास ठेवत होते. त्या हॉलमध्ये माझा पेपर गंभीरपणे घेणारा तो एकच माणूस होता.

प्रत्येक बाईला भेटली. मला ती दिसत होती, माझ्या वयाची, टेप मारणारी. मालकांना अर्ज दिला तेव्हा त्या कागदावर तिने सही केली असेल किंवा अंगठा. आता तिला कुणीतरी सांगणार होतं की एक शिकलेली दीदी आली होती, तिने तपासलं, तुला त्रास नाही. आणि ती दीदी स्वतः दोन पावलं जाऊन परत आली होती, हे तिने पाहिलेलं होतं.

सरांनी घड्याळाकडे बघून मैत्रिणीला खूण केली. ती उठली. चिठ्ठी तिच्या हातात घामाने मऊ झाली होती.

"आपल्या अभ्यासाच्या मर्यादा कोणत्या?" तिने वाचलं आणि खाली बसली. तिलाही सुटल्यासारखं वाटलं असावं.

सर ओठांनी मला पहिला शब्द पुरवत होते. 'ड्यू टू.' 'ड्यू टू.' मी माइक हातात घेतला. तो शिट्टीसारखा वाजला आणि मागे बोलणारे गप्प झाले. सुरतचे प्राध्यापक एक रोपटं सोफ्याखाली ढकलत होते, त्यांनीही वर बघितलं. मी पाहुण्यांकडे बघू शकले नाही, सरांकडेही नाही. मी मैत्रिणीकडे बघितलं, कारण प्रश्न तिने विचारला होता, आणि एका माणसाशी बोलणं मला जमतं.

"मी चाळीस जणींना विचारलं नाही," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला, त्यामुळे मी दचकले. "एकाच काकींना विचारलं. त्यांचं घर गोडाऊनच्या मागे आहे, म्हणून त्यांना त्रास नाही. बाकीचे एकोणचाळीस फॉर्म मी घरी बसून भरले. त्यात सरांची चूक नाही, सरांना माहीत नव्हतं. बाकीच्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. संडास आहे, पण त्याला कुलूप आहे, आणि किल्ली पुरुषांसमोर मागावी लागते. मला त्या दिवशी लागली होती. मला मागता नाही आली."